रंग नंतर, आधी पिन बघा

आम्ही पुणतांब्याच्या बचत गटातल्या बाया. आज आम्ही विजेवर चालणाऱ्या गाडीबद्दल बोलणार आहोत. ‘आमच्या दारात अजून सायकल नाही, आम्हाला गाडीचं काय?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडी आज ना उद्या गटात येईल, घरात येईल, नाहीतर जावई घेऊन दारात उभा राहील. ती घेताना आमच्याकडून एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे बोलणं.

झालं असं. आमच्या गटाचे पापड, शेवया आणि मसाले शिर्डीला, कोपरगावला जातात. टेम्पोच्या भाड्यातच निम्मा नफा जायचा. बैठकीत ठरलं की एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊ. डिझेलचा खर्च वाचेल, माल वेळेवर पोचेल. एका विक्रेत्याकडे पांढरी गाडी मिळाली. आधी ती कुठल्याशा कचेरीत चालत होती. फिरलेली कमी, आणि किंमत तर बाजारापेक्षा बरीच खाली. आम्ही सीटा दाबून पाहिल्या, डिकीत पापडाची खोकी किती बसतील ते मोजलं आणि इसार देऊन घरी आलो.

आमच्यातल्या एकीचा भाचा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, “मावशी, चार्जिंगचं झाकण उघडून फोटो पाठवा.” फोटो पाहिल्यावर त्याचा लगेच फोन आला. “घरी रात्रभर लावली तर भरेल. पण रस्त्यावरच्या आताच्या चार्जरची गन हिला बसायची नाही. हिचं तोंड जुन्या पद्धतीचं आहे.” विक्रेत्याला विचारलं, तर तो म्हणाला, “चार्जर तर आता सगळीकडे झालेत.” झालेत खरे, पण आमच्या गाडीला लागणारे नाहीत. सौदा मोडला. इसारातले अर्धे पैसे परत आले, अर्धे गेले. पापड लाटून मिळवलेले पैसे होते ते.

मग आम्ही ठरवलं, हे प्रकरण नीट समजून घ्यायचं. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

आमच्या गावातून दौंड-मनमाड रेल्वे जाते. ही मोठी लाईन, दोन रुळांमध्ये साडेपाच फूट अंतर. पण मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी लाईन नव्वदच्या दशकापर्यंत बारकी होती. तिच्या रुळांमध्ये जेमतेम सव्वातीन फूट. आमच्यातल्या थोरल्या बायांना ते चांगलं आठवतं. माहेर मराठवाड्यात असलं की मनमाडला उतरायचं, गाठोडी डोक्यावर, पोरं कडेवर घेऊन दुसऱ्या फलाटावर पळायचं. मालाचंही तेच. एका डब्यातून उतरवा, दुसऱ्यात भरा. हमाली वेगळी, नासधूस वेगळी. इंजिनं चांगली होती, रूळही मजबूत होते. पण दोघांचं माप जुळत नव्हतं, आणि त्याचा भुर्दंड उतारूला आणि मालवाल्याला. पुढे लाईन रुंद झाली तेव्हा हा त्रास संपला.

उलटं उदाहरण आपल्या शेतातलं. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा, तरी मागे तीन ठिकाणी अडकवला की चालू होतो. कारण जोडणीचं माप ठरलेलं आहे आणि ते सगळे पाळतात. घरगुती गॅसचंही तसंच. कंपनी बदलली म्हणून शेगडी बदलावी लागत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत असं एक माप सुरुवातीला ठरलंच नव्हतं. आमच्या इसाराचे पैसे बुडाले त्याचं मूळ तिथे आहे.

आता गाडी भरते कशी ते पाहू. आपल्या घरात येते ती एसी वीज. बॅटरीत साठते ती डीसी. टॉर्चच्या सेलमध्ये असते तशी. घरच्या बोर्डावर गाडी लावली की गाडीतलंच एक यंत्र एसीचं डीसी करतं. हे यंत्र लहान असतं, म्हणून वेळ लागतो. १५ अँपियरच्या बोर्डातून तासाला साधारण तीन युनिट जातात. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉनची बॅटरी सुमारे ३० युनिटची होती. म्हणजे हिशेब सोपा: दहा तास. रात्री जेवणं उरकल्यावर लावली की सकाळी सडा टाकायच्या वेळेला तयार.

रस्त्यावरच्या फास्ट चार्जरमध्ये हे यंत्र बाहेरच असतं, कपाटाएवढं. ते वीज बदलून थेट बॅटरीला देतं. तासाला ३० युनिट, ६० युनिट, काही ठिकाणी त्याहून जास्त वेगाने. त्यासाठी जाड केबल आणि हातात धरायची मोठी पिन असते. तिला गन म्हणतात. ही गन आणि गाडीचं तोंड जुळलं तरच फास्ट चार्जिंग होतं.

आमच्या गटातल्या एकीने विचारलं, “जुगाड नाही का होत? मोबाईलला नाही का छोटी पिन लावून मोठी करत?” प्रश्न बरोबर आहे. पण इथे गन आणि गाडी एकमेकींशी बोलतात. गाडी सांगते, मला इतका दाब चालेल, बॅटरी इतकी भरली आहे, आता थांब. चार्जर तसं ऐकतो. वेगवेगळ्या पद्धतींच्या गन वेगवेगळ्या भाषेत बोलतात. म्हणून नुसती तांब्याची पट्टी जोडून भागत नाही, दोन्ही भाषा जाणणारं यंत्र मध्ये लागतं. गावठी जोडणी करून इतकी वीज खेळवणं म्हणजे आगीशी खेळ. तो नाद नकोच.

मग इतकी तोंडं आली कुठून? जपानी कंपन्यांनी २०१० साली चाडेमो नावाची पद्धत काढली. जपानी भाषेत ‘चहा घेता का?’ असं विचारतात, त्याची आठवण या नावात आहे. चहा होईस्तोवर गाडी भरेल, अशी कल्पना. युरोपने सीसीएस-२ पद्धत धरली आणि २०१४ साली कायद्यानेच ठरवलं की आमच्याकडच्या सार्वजनिक चार्जरवर ही पिन हवीच. चीनने जीबीटी नावाची स्वतःची पद्धत ठेवली. अमेरिकेत टेस्ला कंपनीची पिन वेगळी होती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिने ती सगळ्यांसाठी खुली केली, आणि पुढच्याच वर्षी फोर्डसारख्या मोठ्या कंपन्यांनी ती घ्यायचं जाहीर केलं. म्हणजे श्रीमंत देशांतही हे भांडण दहा-बारा वर्षं चाललं.

आपल्याकडे काय झालं? २०१७ साल तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी १ जूनला आपल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला आणि गावाचं नाव देशभर झालं. त्याच वर्षी दिल्लीत सरकारी कचेऱ्यांसाठी १०,००० इलेक्ट्रिक गाड्यांची खरेदी निघाली. टाटा आणि महिंद्रा या कंपन्यांना ते काम मिळालं. त्या गाड्यांना चार्जर हवेत म्हणून ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ अशा दोन पद्धती ठरल्या. पुण्यात एआरएआय ही वाहनांची तपासणी-संशोधन करणारी संस्था आहे, तिने या चार्जिंगचे दर्जे छापून काढले. भारत डीसी-००१ ला चीनच्या जीबीटी पद्धतीची गोल गन घेतली होती आणि तिचा वेग होता तासाला १५ युनिट. तेव्हाच्या लहान बॅटरीच्या, कमी व्होल्टेजच्या गाड्यांना तो पुरत होता. महिंद्राची ई-व्हेरिटो आणि सुरुवातीची टाटा टिगोर इलेक्ट्रिक या अशा गाड्या.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सांगितलं, सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर सगळ्याच पद्धती ठेवा. जपानी, युरोपीय आणि भारत नावाच्या दोन्ही. विचार चांगला, पण खर्च मोठा. पाच प्रकारच्या पिना ठेवायच्या आणि गिऱ्हाईक एकाच पिनेला यायचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम सैल झाला, कुठल्या गन ठेवायच्या ते स्टेशनवाल्याने ठरवावं. तेवढ्यात मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टेजच्या गाड्या आल्या. २०२० ची नेक्सॉन सीसीएस-२ घेऊन आली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टिगोर इलेक्ट्रिक नव्याने आली, तीही सीसीएस-२ घेऊन. पुढच्या बहुतेक चारचाक्यांनी तीच वाट धरली. चार्जर बसवणारे मग तीच गन बसवायला लागले.

इथे एक गोष्ट गाठीला बांधा. टिगोर नाव तेच, पण जुनीचं तोंड वेगळं आणि नवीचं वेगळं. म्हणून नुसतं गाडीचं नाव विचारून भागत नाही. साल विचारा आणि झाकण उघडा. सीसीएस-२ ओळखायला सोपं आहे: वर सात छिद्रांचं गोलसर तोंड आणि त्याच्या खाली दोन मोठी छिद्रं. वरचा भाग साध्या एसी चार्जिंगचा, त्याला टाईप-२ म्हणतात. खालची दोन छिद्रं फास्ट चार्जिंगची. फक्त वरचाच भाग असेल, तर रस्त्यावरची फास्ट गन लागणार नाही. वेगळंच मोठं गोल तोंड दिसलं, तर ती जुन्या पद्धतीची गाडी असण्याचा संभव जास्त.

मग जुनी गाडी वाईटच का? तसं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दिवसाकाठी गावातल्या गावात, नाहीतर शिर्डीपर्यंत जाऊन यायचं आणि रात्री घरी चार्ज करायचं, एवढंच काम असेल, तर स्वस्तात मिळालेली जुनी गाडीही उपयोगी पडते. आमची चूक गाडी बघण्यात नव्हती, न विचारता इसार देण्यात होती. आम्हाला महिन्यातून दोनदा नाशिकला आणि संभाजीनगरला प्रदर्शनाला माल न्यायचा असतो. त्या कामाला ती गाडी बिनकामाची होती.

दुचाकीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे अजून कंपनीगणिक पिन निराळी आहे. २०२३ मध्ये आपल्या मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी एक भारतीय पिन मंजूर केली. ती एथर कंपनीने तयार केली होती, हिरो कंपनीची विडा स्कूटरही तीच वापरते. पण सगळ्यांनी ती घेतलेली नाही. म्हणून मुलीसाठी स्कूटर घेताना घरच्या बोर्डावर लावायचा चार्जर सोबत येतो का, तो बिघडला तर नवा कितीला आणि कुठे मिळतो, हे आधी विचारा.

आता बैठकीत वहीत लिहून ठेवा अशा पाच गोष्टी. पहिली, आपलं रोजचं अंतर किती आणि लांबचा फेरा महिन्यातून किती वेळा. दुसरी, गाडीचं साल कोणतं आणि झाकणाखाली तोंड कोणतं. फोटो काढा आणि जाणत्याला दाखवा. तिसरी, गाडीसोबत घरी चार्ज करायची केबल मिळते का, आणि ती चालू आहे का. चौथी, आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या चार्जरवर इसार देण्याआधी गाडी लावून दाखवा, असं विक्रेत्याला सांगा. तो टाळाटाळ करत असेल, तर उत्तर मिळालं असं समजा. पाचवी, जे बोलणं होईल ते इसाराच्या पावतीवर लिहून घ्या: ‘फास्ट चार्जिंग होत नसल्यास इसार पूर्ण परत.’ ही एक ओळ आमच्या पावतीवर असती, तर पैसे वाचले असते.

घरच्या विजेचंही सांगतो. गाडीसाठी १५ अँपियरचा वेगळा बोर्ड, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग वायरमनकडून करून घ्या. घरातल्या एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावू नका, तो वितळतो. आणि विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवरही लावू नका. ती वीज शेतीच्या दराची आहे, दुसऱ्या कामाला वापरली तर दंड बसतो.

काही गटांची रस्त्याला लागून खानावळ आहे. तिथे चार्जर बसवावा का, असं विचारणं येतं. चार्जिंग स्टेशनला वीज विकण्याचा वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण कोणी मशीन गळ्यात मारायला आलं, तर आधी विचारा, गन कोणती? आज चारचाकीसाठी सीसीएस-२ हवी, आणि दुचाकी-रिक्षांसाठी साधे १५ अँपियरचे बोर्ड हवेत. जुन्या पद्धतीचं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं, तर ते धूळ खात उभं राहील.

आम्ही अजून गाडी घेतलेली नाही. पुन्हा पैसे जमवतोय. या वेळी गटातल्या दोघींना झाकण उघडून पिन ओळखता येते, आणि पावतीवर काय लिहायचं ते वहीत लिहून ठेवलंय. तुमच्या गटाने अशी गाडी घेतली असेल, तर तिचं तोंड कोणतं आणि तुमच्याकडे ती कुठे चार्ज होते, ते आम्हाला कळवा. पुढच्या बोलण्यात तुमचा अनुभव सगळ्यांना सांगू. तोवर राम राम मैत्रिणींनो!