गिरणीच्या दारातील जुन्या फिती

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे गिरणगाव आहे. तेथील एका जुन्या दुकानाचे तळघर 1994 साली साफ करताना तीन पिंपे सापडली. त्यांत मूकपटांच्या सुमारे 800 फिती निघाल्या. मिचेल व केन्यन या दोघा भागीदारांनी 1900 ते 1913 या काळात त्या घेतलेल्या होत्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्या जतन केल्या, म्हणून आज त्या पाहावयास मिळतात.

यांतल्या कित्येक फितींत ना कथा, ना नायक. गिरणीचे गेट उघडते आणि माणसांचा लोंढा बाहेर पडतो. बायकांच्या अंगावर शाली, पुरुषांच्या डोक्यावर चपट्या टोप्या, पायांत लाकडी तळाचे बूट. पोरे कॅमेऱ्यासमोर घुटमळतात, हात हालवितात. कारखान्यांच्या गेटवर सभा घेण्यात आमची उमर गेली. पण येथे आमची नजर त्या पोरांवरच खिळली. ती सगळीच काही गंमत पाहायला जमलेली नव्हती. बारा वर्षे पुरी झालेल्या मुलाने अर्धा दिवस गिरणीत व अर्धा दिवस शाळेत जावे, अशी त्या काळी कायद्याची मुभा होती. 1918 च्या शिक्षण कायद्याने ती प्रथा मोडीत काढली.

या फिती कशासाठी घेतल्या? जत्रेतील तंबूवाल्यांसाठी. गिरणी सुटताना टिपलेले चित्र लवकरच तंबूत दाखवायचे, म्हणजे स्वतःला पाहण्यासाठी कामगार पैसे मोजून येई. जितके चेहरे जास्त, तितका गल्ला जास्त. या धंदेवाईक हिशेबामुळेच हजारो सामान्य माणसे आपल्यासाठी राहिली.

याउलट रॉबर्ट फ्लाहर्टीचा 1922 चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ घ्या. उत्तर कॅनडातील इनुइट लोकांचे जीवन त्यात आहे. त्या लोकांकडे तोवर बंदुका आल्या होत्या. पण चित्रपटात शिकार दिसते ती जुन्या हत्याराने. उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधले होते. नायकाचे खरे नावही नानूक नव्हते. तरीही बर्फ कापणारा तो हात सराईत आहे, ते कसब खोटे नाही. म्हणून जुना चित्रपट पाहताना आम्ही तीन प्रश्न विचारतो: पैसे कोणी दिले? कोणाला दाखवायचे होते? बाहेर काय ठेवले?

लँकेशायरच्या या गेटवरच्या फितींतही गिरणीचे पोट दिसत नाही. मागांच्या खडखडाटात विणकर ओठांच्या हालचालींवरून एकमेकांचे बोलणे ओळखत; मुक्या फितीत तो खडखडाटही नाही. तो पुस्तकांत शोधावा लागतो.

ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणली जात. 1921 साली परळला विलायती कापडाची होळी झाली, ती योग्यच होती. पण त्या कापडामागे कोणाचे हात होते, हे आम्हांला या फितींनी दाखविले. ज्यांना आम्ही नुसते ‘विलायतवाले’ म्हणत आलो, त्यांत लाकडी बूट घातलेले बारा वर्षांचे पोरही होते.