पीटच्या धुराची व्हिस्की

कोल्हापूरच्या परिसरातील गुऱ्हाळात चुलाणावर काहील चढते आणि तिच्याखाली चिपाडाचा जाळ सतत धगधगत असतो. तथापि गुळाला धुराचा वास लागू दिला जात नाही. जाळातील उष्णता तेवढी घ्यावयाची व धूर धुराड्यावाटे बाहेर घालवावयाचा, हीच त्या रचनेची खुबी होय. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावर व्हिस्कीसाठी सातू वाळवताना नेमका उलटा व्यवहार आढळतो. तेथे धूरच हवा असतो.

एकाच कारखान्यात, केवळ मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या पात्रांत ऊर्ध्वपातन करून काढलेल्या व्हिस्कीस 'सिंगल माल्ट' म्हणतात. सातूला मोड आले की दाण्यातील एन्झाइमे जागृत होतात व पुढे त्यांच्या साहाय्याने पिष्टाची शर्करा होते. मोडांची वाढ वेळीच थांबवण्यासाठी दाणे वाळवावे लागतात. बेटावर लाकूडफाटा दुर्मिळ. म्हणून दलदलीत साठलेले अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर, म्हणजेच पीट, कापून व सुकवून जाळण्याची रीत तेथे पडली. जाळीदार जमिनीवर पसरलेल्या ओलसर दाण्यांतून हा धूर वर जातो आणि त्यातील फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल इत्यादी द्रव्ये टरफलांना चिकटतात. हा गंध प्रामुख्याने झऱ्याच्या पाण्यातून येतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. पुष्कळांना त्यात रुग्णालयाचा भास होतो, यातही नवल नाही. १८६५ मध्ये ग्लासगो येथे लिस्टर यांनी जखमांवर वापरलेले कार्बॉलिक आम्ल म्हणजे फिनॉलच होय.

आर्डबेग या आयलावरील कारखान्याच्या माल्टमध्ये फिनॉलचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ५० ते ५५ भाग सांगितले जाते. परंतु हा आकडा दाण्यांचा आहे, पेल्यातील द्रवाचा नव्हे. काही अंश चोथ्याबरोबर जातो. ऊर्ध्वपातनात ही द्रव्ये उशिरा उतरतात. म्हणून मधला अर्क गोळा करणे लवकर थांबवले, तर धुराचा मोठा भाग मागेच राहतो. शिवाय ओकच्या पिंपात जसजशी वर्षे जातात, तसतसा तो मंदावतो. आकड्यांच्या चढाओढीवरून चवीची पारख करणे म्हणूनच व्यर्थ आहे.

या प्रकारची व्हिस्की आता गोव्यातही होते. पॉल जॉन या नावाची तेथील सिंगल माल्ट २०१२ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या काही प्रकारांत सातू भारतीय, पण पीट स्कॉटलंडहून आणलेले असते. स्कॉटलंडमध्ये पिंपातील सुमारे दोन टक्के मद्य दरसाल उडून जाते. गोव्याच्या उष्ण हवेत ही घट कित्येक पटींनी अधिक असते, आणि लाकडाचा अंशही लवकर उतरतो. त्यामुळे थोड्याच वर्षांत धुराशेजारी लाकडाची गोडी येऊन बसते.

पीट मात्र घाईने तयार होत नाही. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर जाडीसाठी सुमारे साडेचारशे वर्षे लागतात. भारतात निलगिरीच्या दऱ्यांतही ते आढळते, आणि तेथील हजारो वर्षांच्या थरांतील कार्बन तपासून संशोधकांनी प्राचीन पावसाळ्यांचे चढउतार अजमावले आहेत.