अवधाणाच्या गाठीमागचं रसायन

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. घरातली दादी हात लावूनच ओळखते. ही सुजलेली लसिकाग्रंथी. दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, तर शेकत न बसता डॉक्टरांना दाखवावी.

लसिका पुढे ढकलायला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांच्या भिंतींतले अनैच्छिक स्नायूच आवळून ती सरकवतात. त्यांच्यावर सेरोटोनिनचाही अंमल चालतो. ‘आनंदाचं रसायन’ म्हणून ते मिरवतं खरं, पण १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संशोधकांनी ते वेगळं काढलं, ते रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य म्हणून! गंमत अशी, की गुरांच्या आतड्यांजवळच्या लसिकानळ्या ते आवळतं आणि मेंढीच्या मात्र सैल करतं. रसायन तेच, पेशींवरचे त्याला पकडणारे ग्राही वेगळे.