डिझेल गाळ्यासमोर उभ्या उभ्या जळतं: मार्केट यार्डातल्या टेम्पोवाल्यांचा हिशोब

२०२२ च्या रमजानचा पहिला रोजा ३ एप्रिलला होता. त्याआधी २२ मार्चला, चार महिन्यांहून जास्त काळ थांबलेले पेट्रोल-डिझेलचे दर पुन्हा हलले आणि ६ एप्रिलपर्यंत लिटरमागे १० रुपये चढले. पुण्यात पेट्रोल १२० च्या घरात गेलं, डिझेलनेही शंभरी ओलांडली. मार्केट यार्डात नेमके हेच दिवस कलिंगड, खरबूज, पपई आणि खजुराच्या गाड्यांचे. गुलटेकडीतून निघालेला माल कोंढव्याला, कॅम्पात, भवानी पेठेत, हडपसरला इफ्तारच्या आधी पोचायलाच हवा. भाडं मात्र आधीच ठरलेलं. दोनशे रुपये वाढवा म्हटलं की, "राहू द्या भाईजान, दुसरी गाडी बघतो."

केंद्राने अबकारी कर उतरवला तो २१ मे रोजी जाहीर करून, पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये. राज्याने १४ जुलैला आणखी ५ आणि ३ रुपये कमी केले. तोवर ईद होऊन गेली होती आणि ज्यांनी उधारीवर टाकी भरली, त्यांची उधारी वहीत तशीच होती.

हे पुन्हा होणार नाही असं कुणी समजू नये. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. जून २०१७ पासून पंपावरचा दर रोज बदलू शकतो. आखातात खटका उडाला की त्याची झळ गंगाधाम चौकात लागते. त्या दरावर आपला काही इलाज नाही. पण गाडी किती लिटर पिते, यावर बराच आहे, आणि तिथे आम्ही टेम्पोवाल्यांनी स्वतःचीच खूप फसवणूक करून घेतली आहे.

हिशोब मांडून बघू. एक पिकअप दिवसाला ९० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ चं अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे साडेसात लिटर डिझेल. लिटरमागे १० रुपये वाढले, तर रोजचे ७५ आणि २६ दिवसांचे १,९५० रुपये. आता दुसरी बाजू. पिकअपचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल जातं. गेटावरची रांग, गाळ्यासमोर हमालांची वाट, आडत्याची पट्टी होईपर्यंतचा वेळ, पुढे सातारा रोडचे सिग्नल. यात इंजिन दोन तास चालू राहिलं तर एक लिटर गेला. डिझेल ९० रुपये धरलं तरी महिन्याचे २,३४० रुपये.

म्हणजे ज्या दरवाढीला आपण दिवसभर शिव्या देतो, तिच्यापेक्षा जास्त पैसा आपणच गाडी उभी ठेवून जाळतो. आम्हाला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा खरा वाटला नाही. पुन्हा मांडला, तेवढाच आला. वजू करताना पाणी वाया घालवू नको, असं आपण पोरांना सांगतो. डिझेलचं मात्र कुणी सांगितलंच नाही.

लोक म्हणतात, बंद-चालू केल्याने बॅटरी जाते आणि स्टार्टला जास्त डिझेल लागतं. जुन्या, थंडीत कुरकुरणाऱ्या गाड्यांचा हा अनुभव असेल. आताच्या गरम इंजिनाला पुन्हा चालू व्हायला लागणारं इंधन काही सेकंदांच्या उभं राहण्याएवढंच असतं. मिनिटभर थांबायचं असेल तर चावी फिरवा. बॅटरीच कमजोर असेल तर आधी ती बदला. रांगेत फूट-फूट पुढे सरकायचं असतं तिथे हे जमत नाही, हेही खरं.

दुसरी गळती परतीच्या रिकाम्या फेरीची. सकाळी माल घेऊन गेलेली गाडी दुपारी रिकामी येते, तर कधी दोन भावांच्या दोन गाड्या कोंढव्याच्या एकाच गल्लीत अर्ध्या-अर्ध्या भरून जातात. एकाच रस्त्याची गिऱ्हाईकं एका गाडीत, रिकामी कॅरेट परतीच्या गाडीत, एवढं ठरवलं तरी आठवड्याच्या दोन-तीन फेऱ्या वाचतात. अडचण गाडीची नसते, "माझं गिऱ्हाईक तो पळवेल" या भीतीची असते. ती भीती खोटी नाही. म्हणून भाड्याची वाटणी आधी कागदावर लिहावी. भरवशावर सोडलेल्या हिशोबाने सख्ख्या भावांतही बोलणं बंद झालेलं आम्ही पाहिलंय.

वाचवण्याच्या नादात एक गोष्ट मात्र कधीच करू नका. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका मालट्रकने सुमारे ४८ गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टिअरिंग जड होतं. शिवाय आताच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधन आपोआप तोडतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल लागतंच. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचत काहीच नाही. कात्रजचा घाट असो, बोपदेव असो की गंगाधामचा उतार, गिअरमध्येच उतरा.

इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात तर हे दुप्पट लक्षात ठेवा. पोट रिकामं, अजानीची घाई, मग गाडी झटक्याने पळवायची आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक. यात डिझेलही जास्त जातं आणि घरी दोन मिनिटंसुद्धा लवकर पोचत नाही. गाडीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा, रोजा रस्त्याच्या कडेला सोडता येतो.

सीएनजीवाल्यांनीही निवांत राहू नये. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, पुण्यात किलोचा दर ६२ रुपयांच्या आसपास उतरला, आणि ऑगस्टपर्यंत तोच ९१ वर गेला. रिक्षाचं भाडं १ सप्टेंबरला वाढून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये झालं. मधले महिने रिक्षावाल्याने स्वतःच्या खिशातून भरले.

पंपावर मापाची शंका आली तर भांडू नका, पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. ते पंपावर असावंच लागतं. टायरची हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना बघा.

आणि एक वही ठेवा. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा, किती लिटर गेले ते लिहा आणि चाललेल्या किलोमीटरला त्याने भागा. आपल्याला कंटाळा येत असेल तर हे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्या, ती चुकू देणार नाही. १२ चं अ‍ॅव्हरेज १० वर आलेलं दिसलं, तर मेकॅनिककडे जाण्याआधी गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून बघा. ब्रेक चिकटलेला असतो आणि महिनाभर कुणाला पत्ता नसतो.