खेळ तसा बूट

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदला पहाटे नांदुऱ्याच्या रस्त्यावर जरा उभे राहून पहा. अंधारातून पावलांचे आवाज येतात. ही पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे, आणि गुण सेकंदांवर ठरायचे! भरती पंधरा दिवसांवर आली असता नडगी ठणकू लागली की वर्षाची मेहनत वाया. तेव्हा तुमच्या पायांत काय आहे, हे विचारले तर रागावू नका.

कोणी म्हणेल, आमचे आजोबा अनवाणीच पळत, त्यांचे काय बिघडले? बरोबर आहे. इथियोपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणीच जिंकला. पण १९६४ साली टोकियोत तोच गडी बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि तेही आधीपेक्षा कमी वेळात. आपल्या नाशिक जिल्ह्यातील कविता राऊतही सुरुवातीला अनवाणी धावत. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. असा पाय लहानपणापासून मातीवर घडलेला असतो. बुटांत वाढलेला पाय एकाएकी डांबरावर उघडा नेला, तर तो कुरकुरणारच.

आता मुख्य गोष्ट. बूट निवडताना तुमचा पाय खेळात कोणत्या दिशेला जातो, ते आधी पहा. धावणारा सरळ पुढे जातो, म्हणून धावण्याच्या बुटाची टाच बहुधा जाड आणि मऊ असते. तेच बूट घालून तुम्ही मॅटवर कबड्डीला उतरलात आणि चढाई करताना झटकन बाजूला वळलात, तर काय होईल? बूट उंच, पाय वरून कलंडतो, तळवा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे बंध ताणले जातात. त्यालाच आपण लचक म्हणतो. कबड्डीला तळ पातळ, सपाट, मॅटला धरणारा हवा. उलट, तसल्या पातळ बुटांनी रोज डांबरावर धावाल, तर टाच आणि नडगी तक्रार करतील. फुटबॉलचे खुंट्यांचे बूट कडक जमिनीवर नकोतच.

आपल्या काळ्या मातीचेही एक आहे. पावसाळ्यात ती तळाला चिकटून बूट जड करते, उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात. भेगेत पाय गेला, तर कसलाही बूट वाचवणार नाही.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. उभे राहून पहा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. बूट चवड्याशी वाकावा, मधोमध नव्हे. थोरल्या भावाचे सैल बूट मोजे कोंबून घालू नका. आणि महाग म्हणजे सुरक्षित, असे मुळीच नाही. नडगीचे दुखणे पुष्कळदा एकदम अंतर वाढविल्याने येते, तिथे हजारोंचा बूटही काही करीत नाही.

बुटाचा मऊपणा साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरांत दबून जातो. रोज पाच किलोमीटर धावत असाल, तर चार-पाच महिन्यांनी तळ तपासा. नवा जोड मात्र भरतीच्या दिवशी प्रथमच घालू नका; तीन आठवडे आधी घ्या, आणि सुरुवातीला एक दिवसाआड वापरा.