जात्यावरची ओवी

पहाटेचा प्रहर आहे. घरात अद्याप अंधार असून कोनाड्यात एक चिमणी मिणमिणत आहे. दोन स्त्रिया समोरासमोर बसून जात्याचा खुंटा फिरवीत आहेत. एकीने मूठभर जोंधळ्याची वैरण घालावी, दुसरीने ओवी उचलावी, पहिलीने ती पुरी करावी आणि जात्याभोवती पीठ साचत जावे. माझ्या बालपणी आजोळी मला जाग येई ती या घरघरीने. मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी हे दृश्य पाहिले नसेल.

ओवीची परंपरा फार प्राचीन आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. पुढे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका ओवी छंदातच रचली. संत जनाबाईबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, ही कथा तर घरोघरी परिचित आहे. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, अशा असंख्य स्त्रियांनी हे काव्य रचले आणि मुखोद्गत राखले.

ही ओवी जात्यावरच का फुलली? दळणाचे काम कष्टाचे असते. ओवीच्या लयीने हाताला गती मिळे व श्रमाचा विसर पडे. शिवाय त्या वेळी ऐकणारे कोणी नसे. म्हणून आरंभी देवाचे नाव घेऊन झाले, की माहेरची ओढ, भावाची वाट, सासरचा जाच, लेकीची चिंता, असे चारचौघांत न बोलता येणारे सारे काही तिथे बोलता येई.

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. याचा खेद मानण्याचे कारण नाही. ज्या कष्टांनी स्त्रियांच्या हातांना घट्टे पडले, ते कष्ट परत आणावेत असे कोणीही म्हणणार नाही. तथापि, जाते थांबले तेव्हा ओवीचे निमित्तही संपले. निमित्त संपले, की गाणे आठवेनासे होते. परंपरा नाहीशी होते ती बहुधा अशी, कोणी न मोडता.

मग तिचे जतन कसे करावे? पहिला मार्ग लेखनाचा. साने गुरुजींनी खेडोपाडीच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' या नावाने प्रसिद्ध केल्या. परंतु लेखनात शब्द राहतात, चाल राहत नाही. दुसरा मार्ग ध्वनिमुद्रणाचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. गाणाऱ्या स्त्रियांची व गावांची नावे त्यांनी नोंदविली आणि अनेकींचे आवाजही मुद्रित केले. २०१७ सालापासून हा संग्रह क्रमाक्रमाने सर्वांसाठी खुला होत आहे.

या संग्रहात सीता आणि विठ्ठल आहेत, तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. यावरून एक मोठा बोध होतो. या स्त्रियांनी जुनी चाल घेतली आणि तीत आपल्या काळाचा आशय भरला. ओवी शतकानुशतके टिकली ती अशी. म्हणून जतनाचा तिसरा आणि खरा मार्ग म्हणजे ऐकणे, म्हणणे आणि भर घालणे हा होय.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. महाविद्यालयात मी ग्रंथांतील ओवीचा मनःपूर्वक अभ्यास केला, तिच्या चरणांची व मात्रांची चर्चा केली. परंतु माझ्या आजीची एकही ओवी मी लिहून घेतली नाही. ती नेहमीच असणार, असे मला वाटे. ती गेली, तिच्याबरोबर तिच्या ओव्याही गेल्या. आज मला केवळ चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

तुमच्या घरी वा शेजारी एखादी वृद्ध आजी असेल. सुट्टीत तिच्याजवळ बसा. प्रारंभी ती म्हणेल, "मला काही येत नाही." घाई करू नका, तिला तिच्या माहेराविषयी विचारा. मग तिला जे आठवेल ते तिच्याच बोलीत लिहून घ्या, त्यात आपले शुद्धलेखन घालू नका. खाली तिचे नाव, गाव व दिनांक लिहा. आणि वही मिटण्यापूर्वी, ती ओवी तिच्याबरोबर एकदा म्हणून पाहा.