पपईची नळी आणि रिठ्याचा फेस

रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधून कुंपणाला मोगली एरंड लावलेला असतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला चांगला. मुलांना मात्र तो वेगळ्याच कारणासाठी हवा असायचा. पानाचा देठ हलक्या हाताने अर्धवट मोडायचा, साल तुटू द्यायची नाही. मोडलेल्या जागी बेचकं तयार होतं आणि त्यात चिकाचा पातळ पडदा ताणला जातो. त्यावर हळूच फुंकर घातली, की इवलेइवले फुगे वाऱ्यावर निघतात. साबण नको, वाटी नको, पैसे नकोत. शर्टावर पडलेला चिकाचा तपकिरी डाग काही निघायचा नाही आणि घरी बोलणी बसायची, पण त्या फुग्यांवरचे रंग पाहिलेला माणूस ते विसरत नाही. (या झाडाच्या बिया विषारी असतात. मुलांना खेळ दाखवाल, तेव्हा हेही आवर्जून सांगा आणि हात धुवायला लावा.)

साबणाच्या फुग्यांतून घरच्या घरी चित्रं करण्याचा छंद हल्ली बराच पसरला आहे. दुकानात त्याचे तयार संचही मिळतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की कोकणातल्या घराला त्या संचाची गरज नाही. लागणारं सगळं परसात, माळ्यावर आणि फडताळात आधीच आहे.

पण आधी रंगाचं कोडं सोडवायला हवं. मुलं पहिल्यांदा हेच करून बघतात: साबणाच्या पाण्यात लाल शाई घालायची आणि लाल फुगा उडेल म्हणून वाट पाहायची. फुगा लाल होत नाही. नेहमीसारखाच सोनेरी, जांभळा, हिरवा दिसतो आणि त्याच्या बुडाशी लाल पाण्याचा एक थेंब लोंबतो. कारण फुग्याची त्वचा केसाच्या जाडीच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी पातळ असते. एवढ्याशा पडद्यात मावणारी शाई डोळ्याला दिसत नाही. दिसतात ते प्रकाशाचे रंग. पडद्याच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो. परतणाऱ्या त्या लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मावळतात, काही उजळतात. पडदा किती जाड आहे, त्यावर कोणता रंग उजळणार हे ठरतं.

न्यूटनने हे फार बारकाईने पाहिलं होतं. वाऱ्याने हलू नये म्हणून त्याने फुग्यावर काच झाकली आणि रंगांची वलयं माथ्यापासून एकेक करून खाली सरकताना पाहिली. 1704 मध्ये आलेल्या त्याच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात हे वर्णन आहे. घरी पाहायचं असेल तर तारेचं एक कडं करा, साबणाच्या पाण्यात बुडवून उभं धरा. पाणी खाली ओघळतं तसे रंगांचे आडवे पट्टे उमटतात आणि शेवटी वरच्या कडेला काळा पट्टा येतो. तिथे भोक पडलंय असं वाटतं, पण पडदा असतो. इतका पातळ झालेला, की त्यावरून प्रकाश जवळपास परततच नाही. तो काळा पट्टा दिसला की पडदा आता कधीही फुटणार, हे समजून घ्यावं.

सबंध फुगाच एका रंगाचा करणं किती अवघड, याची एक गोष्ट आहे आणि तिला मुंबईचा धागा आहे. अमेरिकेत टिम केहो नावाचा खेळणी तयार करणारा माणूस सुमारे अकरा वर्षं रंगीत फुग्याच्या मागे लागला होता. रंग फुग्यावर धरेना, आणि धरला तर फुगा फुटेल तिथे डाग पडे. अखेर त्याची गाठ पडली राम सबनीस या रंगरसायनाच्या तज्ज्ञाशी. सबनीसांनी पीएच.डी. मुंबईत केलेली. त्यांनी असा रंग घडवला, जो साबणाच्या रेणूंना धरून फुग्यावर सारखा पसरतो आणि फुगा फुटल्यावर घासलं, पाणी लागलं किंवा हवा लागली की नाहीसा होतो. त्या रंगाच्या रेणूत एक कडी आहे. ती उघडी असताना रंग दिसतो, मिटली की जातो. 2005 मध्ये ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाने या शोधाचा मोठा गौरव केला.

घरी आपल्याला याच्या नेमकं उलट हवं आहे. फुग्याचा रंग हवेत दिसला नाही तरी चालेल, तो कागदावर उतरला पाहिजे.

त्यासाठी रिठा. आजीच्या काळी केस, रेशमी लुगडी आणि सोन्याचे दागिने रिठ्यानेच धुतले जायचे. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा आणि सालं कपभर कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी कुस्करून फडक्याने गाळा. मधासारख्या रंगाचं पाणी निघेल. ते डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, म्हणून लहान मुलांच्या जवळ बसा. पाणी शक्यतो पागोळ्यांचं, साठवून ठेवलेलं घ्या. खाडीकाठच्या विहिरींचं मचूळ पाणी असेल तर साबणाचा फेस नीट होत नाही, साका धरतो. रिठे नसतील तर अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड चालतं.

आता नळी. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे आणि कागदाची स्ट्रॉ फेसात पाच मिनिटांत लोळागोळा होते. पपईच्या पानाचा देठ मात्र आयताच पोकळ असतो. वीतभर तुकडा कापा, चीक निथळू द्या, आतून-बाहेरून धुवा आणि तासभर वाळवा. कच्चा चीक ओठांना लागला तर चुरचुरतो. तोंडाच्या टोकापासून दोन बोटांवर सुईने एक भोक पाडा. फुंकताना त्याने फरक पडत नाही, पण मुलाने चुकून ओढलं तर हवाच येते, फेस तोंडापर्यंत चढत नाही.

रंगाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त मजा वाटते. हळदीचा डाग कपड्यावर पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. क्षार लागला की हळद लाल होते. हळदीपासून कुंकू होतं तेही असंच. कोकमाचा लाल रंगही असाच नाजूक. आंबटात तो खुलतो, कपड्याच्या साबणात घातला की काळपट, मळकट होतो. रिठ्याचं पाणी मुळात किंचित आंबट असतं, त्यामुळे त्यात हळद पिवळी राहते आणि कोकम लाल राहतं. एका वाटीत रिठा आणि दुसरीत धुण्याचा साबण घेऊन दोन्हींत चिमूटभर हळद घाला, मुलांना वेगळं काही शिकवावं लागणार नाही. कोकम घ्यायचं ते मीठ न लावलेलं. आगळात मीठ असतं आणि आपल्या दमट हवेत मीठ ओलावा धरून ठेवतं, कागद लवकर वाळत नाही. हे रंग फिके उतरतात आणि उन्हात विटतात, हेही खरं. ठसठशीत रंग हवा असेल तर पोस्टर कलर दोन चमचे घाला.

वाटी ताटलीत ठेवा आणि नळी बुडवून सावकाश फुंका. फेस काठावर येतो, मग घुमटासारखा वर चढतो. इथे घाई करू नका. ताजा फेस ओला असतो, त्यावर कागद ठेवला तर नुसता डाग पडतो. वीसेक आकडे मोजा. तेवढ्यात पाणी खाली निथळतं, लहान फुगे मोठ्यांत विरतात, घरं मोठी आणि भिंती रेखीव होतात. आता जाड ड्रॉइंगचा कागद आडवा धरून वरून अलगद टेकवा, दाबू नका, सरळ वर उचला. फुगे कागदाला लागून फुटतात आणि त्यांच्या भिंती रेषा होऊन उरतात. पिवळा आधी, मग लाल, मग निळा, असं फिक्याकडून गडदाकडे जा.

वाळलेल्या ठशावर कंपासपेटीतला कोनमापक ठेवून बघा. जिथे रेषा भेटतात तिथे बहुतेक ठिकाणी तीनच भेटतात आणि त्यांच्यातले कोन 120 अंशांच्या जवळ येतात. जोसेफ प्लॅटो या बेल्जियन शास्त्रज्ञाने हे नियम 1873 मध्ये ग्रंथात मांडले, तेव्हा त्याची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. फुग्यांचे रंग आणि कोन तो दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहत होता, यापुढे मला तरी काही मोठं वाटत नाही.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दिवसांत फुगे हवेत जास्त टिकतात, कारण दमट हवेत त्यांचं पाणी उडत नाही. पण कागद वाळत नाही, बुरशी धरतो. दसऱ्यानंतर ऊन तापू लागतं, आणि ठसे घ्यायला हेच दिवस योग्य. सकाळी लवकर पडवीत बसा, वारा पडलेला असतो आणि दहापर्यंत कागद कडक वाळतात.

त्या कागदांचा आकाशकंदील फार सुंदर होतो. ठसा वाळल्यावर मागच्या बाजूने कापसाच्या बोळ्याने खोबरेल फिरवा आणि जादा तेल टिपून घ्या. कागद पारदर्शक होतो आणि आत दिवा लागला की फेसाची जाळी उजळते. पोस्टर कलरचे ठसे यात उत्तम दिसतात. तेलकट कागदात पणती किंवा मेणबत्ती मात्र कधीही ठेवू नका. छोटा एलईडी दिवाच लावा.

यंदा कंदिलाचा कागद विकत आणण्याआधी एका रात्री वाटीभर रिठे भिजत घाला.